एका सामन्याचा संघ : पूर्व जर्मनीतील महिला फुटबॉल

खेळाचा आणि राजकारणाचा काय संबंध, असा प्रश्न आपल्याकडे वारंवार विचारला जातो, आणि विचारणाऱ्याला बहुधा 'काही नाही' हेच उत्तर हवे असते. यंदा जर्मनीच्या एकीकरणाविषयी वाचताना मला या प्रश्नाचे एक निराळेच उत्तर सापडले. ते कोणा पुढाऱ्याच्या भाषणात नव्हते. ते एका फुटबॉल संघाच्या हकिकतीत होते, आणि तोही महिलांच्या संघाच्या. ती हकिकत आपल्या वार्षिकाच्या वाचकांपुढे ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

९ मे १९९० या दिवशी पोट्सडाम शहराच्या बाबेल्सबर्ग भागातील कार्ल लीब्क्नेख्त स्टेडियमवर पूर्व जर्मनीचा महिला राष्ट्रीय संघ आपला पहिला आंतरराष्ट्रीय सामना खेळला. समोर चेकोस्लोव्हाकियाचा संघ होता. प्रेक्षक होते जेमतेम आठशे. पूर्व जर्मनी ०-३ असा हरला. हाच सामना त्या संघाचा शेवटचाही ठरला. कारण पाच महिन्यांच्या आत, ३ ऑक्टोबर १९९० रोजी, पूर्व जर्मनी हा देशच नकाशावरून नाहीसा झाला. (समोरचा चेकोस्लोव्हाकियाही १९९२ च्या अखेरीस दुभंगला. म्हणजे त्या संध्याकाळी मैदानावर असलेल्या दोन्ही देशांपैकी आज एकही उरलेला नाही.)

आता प्रश्न असा, की स्त्री-पुरुष समानतेचा उद्‌घोष करणाऱ्या आणि खेळाच्या पदकांवर जीव टाकणाऱ्या देशाला महिलांचा एक फुटबॉल संघ मैदानात उतरवायला एकेचाळीस वर्षे का लागावीत? आणि जेव्हा उतरवला, तेव्हा तो देश मावळत असतानाच का उतरवावा?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर पदकांतच आहे. पूर्व जर्मनीची लोकसंख्या एक कोटी साठ-सत्तर लाखांच्या घरात, म्हणजे आपल्या एखाद्या मोठ्या महानगराएवढी. पण १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये या चिमुकल्या देशाने ४० सुवर्णपदके मिळवून अमेरिकेलाही मागे टाकले. त्या वर्षी महिलांच्या जलतरणातील १३ पैकी ११ सुवर्णपदके एकट्या पूर्व जर्मनीच्या मुलींनी नेली. हे काही आपोआप घडत नव्हते. १९६९ साली तिथल्या राज्यकर्त्या पक्षाने खेळांची सरळसरळ दोन टोपल्यांत वाटणी केली होती. पहिल्या टोपलीत ऑलिंपिकमध्ये भरपूर पदके देणारे खेळ : पोहणे, धावणे, नौकानयन वगैरे. पैसा, प्रशिक्षक, प्रयोगशाळा, खास क्रीडाशाळा, सगळे त्यांच्यासाठी. दुसऱ्या टोपलीत बाकीचे, म्हणजे ज्यांनी फावल्या वेळात मन रमवायचे ते. महिलांचा फुटबॉल ऑलिंपिकमध्ये आला तो १९९६ साली, अटलांटाला. तोवर पूर्व जर्मनीच्या हिशेबाने त्यात एकही पदक नव्हते, आणि पदक नाही म्हणजे दखल नाही. समानता हे तत्त्व खरे. पण तत्त्वाच्या शेजारी हिशेबाची वही उघडी होती, आणि निकाल वहीप्रमाणे लागत असे.

या उपेक्षेला एक दुसरी बाजूही आहे. सरकारची नजर ज्यांच्यावर होती त्या मुलींना १९७४ पासून एका गुप्त सरकारी योजनेखाली पुरुषी संप्रेरकांच्या गोळ्या दिल्या जात. अनेकींना जीवनसत्त्वे म्हणून सांगितले जाई. त्याचे दुष्परिणाम त्यांनी पुढे आयुष्यभर भोगले. नव्वदीनंतर त्याविषयीचे खटले बर्लिनच्या न्यायालयात चालले. सरकारचे लाडके असणे हे नेहमीच भाग्याचे असते असे नाही.

मग महिलांचा फुटबॉल जगला कोणाच्या आधाराने? तर कारखान्याच्या. इथे तिथली व्यवस्था थोडी समजावून सांगायला हवी. पूर्व जर्मनीत प्रत्येक सरकारी उद्योगाचे स्वतःचे क्रीडामंडळ असे. मैदान, चेंडू, कपडे, परगावच्या सामन्याला जायची बस, हा सारा खर्च उद्योगाच्या गंगाजळीतून होई. सभासदाची वर्गणी नाममात्र. एकेकाळच्या मुंबईतील गिरण्यांचे कबड्डीचे संघ ज्यांना आठवत असतील त्यांना ही कल्पना परकी वाटणार नाही; फरक एवढाच, की तिथे संबंध देशच अशा मंडळांत विभागला होता. मंडळाच्या नावावरून उद्योग ओळखता येई. नाव 'टुर्बिने' म्हणजे टर्बाइन असेल तर वीज, 'केमी' असेल तर रसायने, 'मोटोर' म्हणजे यंत्रनिर्मिती, 'लोकोमोटिव्ह' म्हणजे रेल्वे, 'ट्राक्टोर' म्हणजे शेती, 'रोटात्सिऑन' म्हणजे कागद आणि छपाई, 'एम्पोर' म्हणजे व्यापार व अन्नपुरवठा. साम्यवादी देशातल्या क्रीडामंडळांची नावे वाचताना एखादा अर्थशास्त्राचा तक्ता वाचतो आहोत असे वाटते.

पहिला महिला संघ उभा राहिला तो ड्रेस्डेनमध्ये, १९६८ साली, 'एम्पोर' मंडळात. आणि तो उभा केला तिथे शिकायला आलेल्या एका बल्गेरियन विद्यार्थ्याने. वरून आदेश नाही, योजना नाही; परदेशातून आलेल्या एका कॉलेजकुमाराला वाटले म्हणून. पोट्सडामची कथा तर याहून मजेची आहे. १९७० साल सरताना तिथल्या वीजपुरवठा उद्योगाच्या सूचनाफलकावर कोणीतरी एक चिठ्ठी लावली : महिलांचा फुटबॉल संघ काढीत आहोत, इच्छुकांनी नावे द्यावीत. ३ मार्च १९७१ रोजी संघ स्थापन झाला. त्याच उद्योगात नोकरीला असलेले बेर्न्ड श्रोडर हे प्रशिक्षक झाले. स्वतः पूर्वी गोलरक्षक म्हणून खेळलेले हे गृहस्थ त्या कामाला असे चिकटले, की मधली पाच वर्षे सोडली तर २०१६ पर्यंत सुटले नाहीत. हाच तो टुर्बिने पोट्सडाम संघ. या लेखात तो पुन:पुन्हा येईल.

या मुली दिवसा नोकरी करीत आणि संध्याकाळी सराव. पूर्व जर्मनीत कामाच्या वयातील दहापैकी नऊ स्त्रिया नोकरीत किंवा शिक्षणात होत्या. मुले पाळणाघरात असत आणि पाळणाघर जवळजवळ फुकट असे. खेळायला संध्याकाळ मोकळी मिळते ती अशाने. हे श्रेय त्या व्यवस्थेला द्यायलाच हवे, आणि ते देताना कुरकुर करण्याचे कारण नाही. पण त्याच देशात १९५२ पासून नोकरदार विवाहित स्त्रीला महिन्यातून एक दिवस भरपगारी रजा मिळे, तिचे नाव होते 'घरकामाचा दिवस'. रजा बाईलाच. म्हणजे धुणे-भांडी कोणी करायची याबद्दल समाजवादी सरकारच्या मनातही शंका नव्हती. कारखान्यात बाई कॉम्रेड, घरी मात्र बाईच.

मैदानावरही असेच काहीसे. महिलांच्या फुटबॉलवर बंदी कधीच नव्हती. पण त्याला मान्यताही अर्धीमुर्धीच होती. १९७९ साली देशपातळीवरची स्पर्धा सुरू झाली. तिला 'अजिंक्यपद' म्हणायचे नाही असे ठरले. अजिंक्यपद पुरुषांचे. महिलांच्या स्पर्धेचे नाव 'बेस्टनएरमिटलुंग', म्हणजे 'सर्वोत्तमांची निश्चिती'. एखाद्या कचेरीतल्या फायलीवर शोभावे असे हे नाव! भाषेच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावे, की नकार देण्यासाठी 'नाही' हा शब्द वापरावाच लागतो असे नाही. दुसरे नाव दिले तरी काम भागते. पहिल्या वर्षी कार्ल मार्क्स श्टाटचा (आजचे केम्निट्झ) 'मोटोर मिटे' संघ जिंकला. टुर्बिने पोट्सडामने १९८१ ते १९८९ या काळात सहा वेळा ही 'निश्चिती' स्वतःच्या नावे केली. १९८७ आणि १९८८ ला बाजी मारली ती श्लेमा या खाणींच्या मुलखातील छोट्या गावच्या 'रोटात्सिऑन' संघाने. पण देशात कितीही जिंका, देशाबाहेर देशाच्या नावाने खेळायला राष्ट्रीय संघच नव्हता.

पश्चिमेकडे तेव्हा काय चालले होते? तिकडे सारे आलबेल असेल असे आपण गृहीत धरतो. वस्तुस्थिती अशी, की पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल महासंघाने ३० जुलै १९५५ रोजी महिलांच्या फुटबॉलवर चक्क बंदी घातली होती. हा धसमुसळा खेळ स्त्रीच्या शरीराला अपायकारक आणि शालीनतेला सोडून, असा त्यांचा दावा होता. ही बंदी उठली ३१ ऑक्टोबर १९७० रोजी, आणि तीही अटी घालून : हिवाळ्यात खेळायचे नाही, बुटांना खिळे नकोत, चेंडू लहान, सामना नेहमीपेक्षा कमी वेळाचा. पुढे १९८९ साली पश्चिम जर्मनीच्या मुलींनी युरोपीय विजेतेपद जिंकले. ओस्नाब्रुक येथील अंतिम सामन्यात त्यांनी नॉर्वेला ४-१ असे हरवले तेव्हा बावीस हजार प्रेक्षक होते. महासंघाने प्रत्येकीला बक्षीस काय दिले? चिनी मातीच्या कपबश्यांचा एक संच, कॉफी पिण्यासाठी. या कपबश्या जर्मनीत आजही दंतकथेसारख्या सांगितल्या जातात. पण एक गोष्ट नाकारता येत नाही. कपबश्या का होईना, त्या राष्ट्रीय संघाला मिळाल्या. पूर्वेच्या मुलींना तेवढाही अपमान करून घेण्याची संधी नव्हती.

ते विजेतेपद जुलैत. नोव्हेंबरच्या ९ तारखेला बर्लिनची भिंत उघडली. पूर्व जर्मनीच्या महासंघाला महिला संघ आठवला तो या धामधुमीतच. जुनी वही बंद झाली होती, जुने साहेब खुर्च्या सोडत होते, आणि ज्यांना वर्षानुवर्षे 'पाहू' असे उत्तर मिळत होते त्यांना अचानक 'करा' असे उत्तर मिळाले. म्हणून ९ मे १९९०. संघाची जबाबदारी श्रोडर यांच्याकडे होती. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे. हा सामना समाजवादाने दिला नाही, भांडवलशाहीनेही दिला नाही. एक व्यवस्था गेली आणि दुसरी यायची होती, त्या मधल्या फटीत तो खेळला गेला. पहिली महिला विश्वचषक स्पर्धा पुढच्या वर्षी, १९९१ च्या नोव्हेंबरात, चीनमध्ये झाली. तीत जर्मनीचा संघ होता, पण तो एकच.

फट लवकरच बुजली. १ जुलै १९९० रोजी पूर्वेत पश्चिमेचा मार्क चलनात आला. सरकारी उद्योग विकण्यासाठी 'ट्रॉयहांट' नावाची संस्था नेमण्यात आली. तिच्या ताब्यात सुरुवातीला सुमारे साडेआठ हजार उद्योग आणि चाळीस लाखांच्या आसपास कामगार आले. काही उद्योग विकले गेले, कित्येक बंद पडले. ज्या नव्या मालकाला कारखाना निम्म्या माणसांत चालवायचा होता, त्याने सर्वांत आधी कशावर फुली मारली असेल हे सांगायला नको. पाळणाघर, विश्रामधाम, आणि क्रीडामंडळ. आजवर जी मंडळे उद्योगाच्या पोटात होती ती एका वर्षात उघड्यावर आली. त्यांना सार्वजनिक संस्था म्हणून नोंदणी करायची होती, मैदानाचे भाडे भरायचे होते, विमा उतरवायचा होता, वर्गणी वाढवायची होती, आणि 'प्रायोजक' नावाचा एक नवा प्राणी शोधायचा होता. देशाची सर्वोच्च क्रीडासंघटनाही १९९० च्या अखेरीस विसर्जित झाली. तक्रार घेऊन जायला दारही उरले नाही.

पुरुषांच्या फुटबॉलमध्ये बाजार लगेच भरला. आंद्रेआस थोम हा पूर्व बर्लिनचा खेळाडू १९८९ च्या डिसेंबरातच लेव्हरकुसेनने विकत घेतला. पाठोपाठ उल्फ किर्स्टेन, माथियास झामर गेले. त्यांच्यामागे निदान क्लबला पैसे तरी मिळाले. महिला खेळाडूंना कोणी विकत घेत नव्हते, कारण पश्चिमेतही त्यांचा फुटबॉल तेव्हा हौशीच होता. आणि पूर्वेतल्या मुलींसमोर त्या वेळी पहिला प्रश्न फुटबॉलचा नव्हताच. सोमवारी सकाळी कामावर जायला काम आहे का, हा होता. त्या वर्षांची अनिश्चितता कळायला एक आकडा पुरे आहे. १९८९ साली पूर्व जर्मनीत सुमारे १ लाख ९९ हजार मुले जन्मली. १९९४ साली त्याच प्रदेशात सुमारे ७९ हजार. युद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही, आणि पाच वर्षांत पाळणे निम्म्याहून कमी हलले. उद्याचा भरवसा नसला की माणसे काय काय पुढे ढकलतात याचा हा जमाखर्च आहे. संध्याकाळचा सराव त्यापुढे किती टिकणार?

पश्चिमेची महिला बुंडेसलिगा १९९० च्या हंगामात सुरू झाली होती. १९९१ मध्ये तिच्यात पूर्वेच्या दोनच संघांना जागा मिळाली : येनाचा विद्यापीठ संघ आणि विस्मुट आउए. 'विस्मुट' म्हणजे सोव्हिएत-जर्मन भागीदारीतील प्रचंड युरेनियम कंपनी. श्लेमाच्या खाणी तिच्याच, आणि श्लेमाच्या मुली आता शेजारच्या आउएच्या संघात आल्या होत्या. युरेनियम काढणे १९९० च्या अखेरीस थांबले होते. बंद पडलेल्या खाणीचे नाव छातीवर लावून हा संघ पश्चिमेत खेळायला गेला. दोघांचाही तिथे फार काळ निभाव लागला नाही. आणि सहा वेळचा विजेता टुर्बिने? त्याला तर प्रवेशच मिळाला नाही. तो खालच्या वर्गात खेळत राहिला. १९९२ मध्ये श्रोडरही बाजूला झाले.

इथवर वाचून कोणी म्हणेल, पाहा, समाजवाद गेला आणि पोरींचा खेळ बुडाला. असे म्हणणारे जर्मनीतही आहेत. जुन्या दिवसांच्या या हुरहुरीला त्यांनी 'ऑस्टाल्गी' असे नाव दिले आहे. उलट बाजूचे म्हणतील, बंधने सुटली म्हणून पुढचे यश आले. मला दोन्ही मते घाईची वाटतात, आणि तसे वाटण्याचे कारण टुर्बिनेचे पुढचे पर्व आहे.

टुर्बिने १९९४ साली बुंडेसलिगात चढला. १९९७ ला श्रोडर परतले. १ एप्रिल १९९९ रोजी महिला विभागाने मूळ मंडळापासून फारकत घेऊन स्वतःचा स्वतंत्र क्लब काढला. केवळ महिला फुटबॉलचा. समाजवादी काळात हे शक्यच नव्हते. नव्या कायद्याने दिलेले हे स्वातंत्र्य त्यांनी पुरेपूर वापरले. पण खेळाडू कुठून आणायच्या? पोट्सडाममध्ये पूर्व जर्मनीच्या काळातील एक क्रीडाशाळा होती. वसतिगृह, मैदाने, शिक्षक, आणि शाळेच्या वेळापत्रकातच सराव बसवण्याची शिस्त असलेली. पदकांची जी पहिली टोपली मघाशी सांगितली, तिच्यासाठीच अशा शाळा निघाल्या होत्या, आणि फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला तिथे त्या काळी स्थान नव्हते. एकीकरणानंतर पश्चिमी नमुन्यात न बसणाऱ्या कित्येक संस्था मोडीत निघाल्या. ही शाळा टिकली. आणि आता तिच्यात फुटबॉलच्या मुली येऊन राहू लागल्या. ज्या यंत्राने त्यांना चाळीस वर्षे दाराबाहेर उभे केले, ते यंत्र त्यांच्या उपयोगी पडले ते त्याचा मालक मेल्यावर.

परिणाम लवकरच दिसला. २००४ मध्ये टुर्बिनेने बुंडेसलिगा आणि जर्मन चषक दोन्ही जिंकले. पुढे २००६ मध्ये, आणि नंतर २००९ ते २०१२ अशी सलग चार वर्षे, ते विजेते होते. २००५ मध्ये त्यांनी युरोपीय चषक आणला. २० मे २०१० रोजी माद्रिदजवळच्या खेताफे येथे त्यांनी लिऑनला पेनल्टीच्या फटक्यांवर ७-६ असे हरवून चॅम्पियन्स लीग जिंकली. त्या दिवशी त्यांची गोलरक्षिका अ‍ॅना फेलिसिटास सारहोल्ट्स अवघी सतरा वर्षांची होती, आणि तिने फटके तर अडवलेच, वर एक स्वतः मारला. जर्मनीने २००३ चा विश्वचषक जिंकला तेव्हा त्या चमूत पोट्सडामच्या आरियाने हिंग्स्ट, कोनी पोलर्स आणि व्हिओला ओडेब्रेख्त होत्या. पोलर्स हालेची, ओडेब्रेख्त नॉयब्रांडेनबुर्गची. दोन्ही गावे पूर्वेतली, दोघी भिंत पडली तेव्हा शाळकरी मुली. कार्ल लीब्क्नेख्त हा १९१९ साली मारला गेलेला साम्यवादी पुढारी. मैदानाचे नाव एकीकरणानंतरही बदलले नाही. भांडवलशाही जर्मनीच्या विजेत्यांचे घरचे सामने तिथेच होत राहिले.

या काळात युरोपातले बहुतेक मोठे पुरुष क्लब महिला फुटबॉलकडे फारसे पाहत नव्हते, हेही टुर्बिनेच्या यशाचे एक कारण आहे. बाजार अजून तिथे पोचला नव्हता. पोचला तेव्हा चित्र पालटले. २०१३ पासून २०२५ पर्यंत बुंडेसलिगाचे एकूण एक विजेतेपद व्होल्फ्सबुर्ग किंवा बायर्न म्युनिक यांपैकी एकाकडे गेले आहे. बायर्न हा जर्मनीतील सर्वांत श्रीमंत क्लब. आणि व्होल्फ्सबुर्ग? तो फोक्सवागेन या मोटार कंपनीच्या पूर्ण मालकीचा आहे. म्हणजे कारखान्याचाच संघ! त्याला 'मोटोर व्होल्फ्सबुर्ग' म्हटले तर एखाद्या पोट्सडामच्या आजीबाईला मुळीच नवल वाटणार नाही. फरक एवढा, की पूर्वेच्या कारखान्याचा संघ कामगार बायकांचा होता आणि हा पगारी खेळाडूंचा आहे.

ज्याच्या मागे पुरुषांचा क्लब नाही, मोटारीची कंपनी नाही, असा टुर्बिने या शर्यतीत मागे पडत गेला. २०२३ मध्ये तो खालच्या वर्गात घसरला, २०२४ मध्ये परत आला, आणि २०२४-२५ च्या हंगामात अवघा एक गुण मिळवून पुन्हा खाली गेला. पूर्वेचे नाव मात्र लीगमधून पुसले गेले नाही. २०२५-२६ च्या हंगामात तिथे पूर्वेचे तीन संघ उतरले. एक लायप्झिगचा, त्याच्यामागे ऑस्ट्रियातील एका पेयाच्या कंपनीचा पैसा आहे. दुसरा बर्लिनचा उनिऑन. तो पुरुषांच्या बुंडेसलिगातला क्लब असून त्याने २०२३ मध्ये आपल्या महिलांना पूर्णवेळ पगार सुरू केला. आणि तिसरा येनाचा : १९९१ साली पश्चिमेत गेलेला तोच विद्यापीठ संघ, जो २०२० मध्ये तिथल्या पुरुषांच्या क्लबात विलीन झाला. त्या क्लबचे नाव कार्ल झाइस. भिंगे आणि दुर्बिणी करणाऱ्या जुन्या कारखान्याचे ते नाव आहे.